धुरावरून ऑईल इंजिनातील दोषांचे निदान

विहिरीवरील पंप चालविणाऱ्या ऑईल इंजिनाचा धूर हा त्या इंजिनाच्या प्रकृतीचा दर्शक होय. इंग्लंडमधील लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास एका सिलिंडरचे, मंद गतीचे डिझेल इंजिन प्रचारात आणले. पुढे त्याच धर्तीची इंजिने राजकोट येथेही तयार होऊ लागली. अशी जुनी इंजिने आजही काही ठिकाणी काम देत आहेत. मात्र धूर दिसताच इंजिन खोलावयाचे व रिंगा बदलावयाच्या, ही रीत खर्चाची आहे. पिकाला पाण्याची पाळी द्यावयाची असताना इंजिन चार दिवस उघडे पडले, तर होणारे नुकसान दुरुस्तीच्या खर्चाहून मोठे असते. म्हणून दोष कोठे आहे हे प्रथम बाहेरून ओळखावे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला दाबून तिचे आकारमान सुमारे सोळाव्या हिश्श्याइतके करतो, त्यामुळे हवा अतिशय तापते. त्या तप्त हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा उडतो व पेट घेतो. पुरेशी हवा, योग्य दाब, बारीक फवारा व स्वच्छ डिझेल ही चारही अंगे ठीक असली, तर तापलेल्या इंजिनाचा धूर जवळजवळ दिसत नाही.

काळा धूर

काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेले डिझेल होय. हवेच्या मानाने डिझेल अधिक पडत असल्याची ही खूण आहे. प्रथम हवेची गाळणी पाहावी. ती धुळीने भरली असल्यास रॉकेलने धुऊन, वाळवून बसवावी. सायलेन्सरमध्ये काजळी साचली असल्यास ती काढावी.

यानंतर इंजिनावरील भार तपासावा. पाणी अधिक मिळावे म्हणून कित्येकदा पंपावर लहान पुली बसविली जाते. पंपाची गती एकदशांशाने वाढली, तर त्याला लागणारी शक्ती सुमारे एक-तृतीयांशाने वाढते आणि इंजिन भाराखाली दबते. पावसाळ्यात विहिरीचे पाणी वर आल्यावरही सेंट्रिफ्यूगल पंप अधिक पाणी फेकू लागतो व भार वाढतो. अशा वेळी पंपाच्या बाहेर जाणाऱ्या नळावरील व्हॉल्व्ह थोडा बंद करून पाहावा. धूर निवळला तर दोष भाराचा आहे. इंजिन खोलण्याचे कारण नाही. धूर तसाच राहिला तर नोझल ठिबकत असण्याचा संभव असतो. त्याची परीक्षा कारखान्यात यंत्रावर करवून घ्यावी. फवाऱ्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला १०० किलोहून अधिक असतो. तो कातडीतून आत शिरतो, म्हणून त्यासमोर हात कधीही धरू नये.

निळा धूर

निळा धूर वंगणतेल जळत असल्याचे सांगतो. तेल खुणेच्या वर भरले आहे काय, हे आधी पाहावे. तेलाच्या हवा-गाळणीतही खुणेपेक्षा अधिक तेल असू नये. दोन्ही ठिकाणी तेल बरोबर असून धूर निळाच राहिला आणि वंगणतेल वारंवार घालावे लागत असेल, तरच रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्हचे मार्गदर्शक झिजले असे समजावे.

पांढरा धूर

गार इंजिन सुरू करताना थोडा पांढरा धूर येणे स्वाभाविक आहे. इंजिन तापल्यावरही तो राहिला तर वास घ्यावा. डिझेलचा उग्र वास येत असल्यास डिझेल न जळताच बाहेर पडत आहे. वास नसल्यास ती पाण्याची वाफ असू शकते. इंजिन चालू असता थंड करणाऱ्या पाण्याच्या टाकीत सतत बुडबुडे येत असल्यास हेडचे गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा.

अडखळत चालणे

मिनिटास ६५० फेरे घेणाऱ्या, चार धावांच्या व एका सिलिंडरच्या इंजिनात दर मिनिटास ३२५ वेळा डिझेल पेटते. हा ठेका चुकू लागला, तर टाकीच्या तळाचे पाणी व गाळ काढावा, डिझेलची गाळणी साफ करावी. नंतर हवेचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे. गती आपोआप चढउतार करीत असेल तर गव्हर्नरचे सांधे अडकतात काय, ते पाहावे.

यानेही सुधारणा न झाल्यास दाब तपासावा. इंजिन बंद करून डिझेलचा पुरवठा तोडावा, हँडल काढून ठेवावे आणि मोठे चाक हाताने हळू फिरवावे. दाबाच्या वेळी चाक मागे उसळले तर दाब चांगला आहे. ते सहज पुढे गेले तर हवा निसटते आहे. फुसफुस हवा-गाळणीकडून ऐकू आल्यास आत घेणारा व्हॉल्व्ह, धुराच्या नळाकडून आल्यास बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, आणि तेलाच्या खोक्याकडून आल्यास रिंगा सदोष समजाव्या.

सावधगिरी

धूर स्वच्छ दिसला तरी तो निर्धोक नसतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला विषारी वायू असू शकतो. पाणी खाली गेल्यावर विहिरीच्या आतील टप्प्यावर इंजिन उतरवून चालविणे अत्यंत धोक्याचे आहे. आत कोणी बेशुद्ध पडल्यास दुसऱ्याने तसेच उतरू नये. अशा प्रसंगी एकामागून एक माणसे दगावतात. इंजिनघर मोकळ्या हवेचे असावे व धुराचा नळ छपराबाहेर न्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हाच क्रम शेतकऱ्यांना प्रत्यक्ष करून दाखवावा: आधी धुराचा रंग, मग हवा, भार, तेल व डिझेल, त्यानंतर दाब. एका वेळी एकच फेरफार करून परिणाम पाहावा. दिवसाचे काम संपल्यावर टाकी गाळलेल्या डिझेलने भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या टाकीत रात्री दव धरून पाणी साचत नाही. या क्रमाने चालल्यास पाना हाती घेण्यापूर्वीच पुष्कळसे दोष सापडतात.