निरोपाचे दुखणे

गेल्या महिन्यात संध्याकाळच्या वेळी दवाखान्यात एक पंचवीस वर्षांचा तरुण आला. पोटात मुरडा, भूक मेलेली, रात्री दोन-तीन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. पंधरा दिवस हाच प्रकार. रक्त, लघवी, शौच, सोनोग्राफी, सगळ्या तपासण्या झाल्या होत्या आणि कशातही दोष नव्हता. फाईल पुढे सरकवीत तो म्हणाला, "डॉक्टरकाका, काहीतरी तपासायचं राहिलंय बघा. तीन आठवड्यांनी मला जर्मनीला जायचंय."

मुलगा आय.टी.आय. झालेला वायरमन. पुण्यात राहून जर्मन भाषेची परीक्षा दिली, आणि श्टुटगार्टजवळ नोकरी मिळाली. श्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याची राजधानी आहे, त्या राज्याशी महाराष्ट्र शासनाने २०२४ साली कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. तेव्हापासून आपल्या भागातही जर्मनीचे नाव वरचेवर ऐकू येते.

मी पोट तपासले आणि सहज विचारले, "मित्रांना सांगितलंस का रे?" त्याची मान खाली गेली. लहानपणापासूनचा एक मित्र. भाषेच्या वर्गाला दोघे एकाच दिवशी दाखल झाले, एका खोलीत राहिले. हा पास झाला. मित्र दोनदा नापास होऊन परत आला आणि वडिलांच्या दुकानात बसू लागला. "व्हिसा आला हे त्याला अजून सांगितलंच नाही. आदल्या दिवशी फोन करीन म्हणतो."

वाचकहो, रोगाचे मूळ मला येथे दिसले.

मन आणि पोट

एखादी अवघड गोष्ट टाळत राहिलो की मेंदू ती विसरत नाही. ॲड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली असल्याने आतड्यांची हालचाल बिघडते, मुरडा येतो, भूक जाते, झोप तुटते. अशा रोग्याला "तुला काही झालेले नाही" असे म्हणणे चूक आहे. दुखणे खरेच असते. फक्त ते क्ष-किरणांत दिसत नाही.

मात्र प्रत्येक पोटदुखी मनावर ढकलू नये. शौचातून रक्त, ताप, वजन घटणे, दुखण्याने झोपेतून जाग येणे यांपैकी काहीही असल्यास संपूर्ण तपासणी झालीच पाहिजे.

घर सुटल्याच्या दुखण्याची वैद्यकशास्त्राने दखल घेतली, त्याला तीनशेहून अधिक वर्षे झाली. १६८८ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे योहान्नेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने यावर प्रबंध लिहिला. 'परतणे' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने या आजाराला 'नॉस्टॅल्जिया' असे नाव दिले. बर्नहून बाझलला शिकायला आलेला एक तरुण खंगत गेला आणि घराच्या वाटेला लागताच सुधारू लागला, अशी हकिकत त्यात आहे. आज आपण याला रोग म्हणत नाही, पण त्याचा त्रास नाकारतही नाही.

तिकडे गेल्यावर

नॉर्वेच्या लिसगार्ड या अभ्यासकाने १९५५ साली अमेरिकेत राहून आलेल्या दोनशे नॉर्वेजियन विद्वानांची पाहणी प्रसिद्ध केली. सहा महिन्यांहून कमी राहिलेले आणि दीड वर्षाहून अधिक राहिलेले तिथे चांगले रुळले होते. मधल्या काळातले लोक मात्र एकाकी होते. सर्वांना हा क्रम लागू पडत नाही, असे पुढील संशोधनात दिसले. तरीही जाणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की पहिल्या महिन्यातला उत्साह ओसरून नंतर मन खचले, तर आपण नालायक ठरलो असे नव्हे. तो एक टप्पा असू शकतो.

त्यात हवामानाची भर पडते. डिसेंबरात आपल्याकडे दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, श्टुटगार्टला जेमतेम सव्वाआठ तासांचा. उजेड कमी झाल्याने काहींना हिवाळ्यात उदासी येते. शिवाय ऑक्टोबर ते मार्च तेथील उन्हातून त्वचेला 'ड' जीवनसत्त्व पुरेसे बनवता येत नाही, आणि सावळ्या त्वचेला तर ऊन अधिकच लागते. म्हणून दुपारी थोडे तरी बाहेर चालावे. 'ड' जीवनसत्त्वाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

जाण्यापूर्वीची तयारी

१. दात आणि डोळे येथेच तपासून घ्यावेत. चष्म्याची जादा जोडी जवळ ठेवावी.

२. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, हातातल्या बॅगेत ठेवावीत. सोबत औषधाचे मूळ नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी असावी. घेतलेल्या लसींची नोंदही न्यावी.

३. विमानात आठ-नऊ तास एका जागी बसू नये. अधूनमधून उठून चालावे, पोटऱ्या हलवाव्यात, पाणी प्यावे.

४. जर्मनीची वेळ आपल्या मागे उन्हाळ्यात साडेतीन, तर हिवाळ्यात साडेचार तास असते. शरीराचे घड्याळ साधारण दिवसाला एक तास सरकते. पहिले चार-पाच दिवस झोप बिघडली तर घाबरू नये.

५. तेथे आरोग्य विमा सक्तीचा आहे. पोहोचताच घराजवळचा डॉक्टर शोधून ठेवावा. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२.

६. सर्वांत महत्त्वाचे, निरोप घ्यावा. समारंभ नको, हारतुरे नकोत. ज्याच्याशी मन गुंतले आहे त्याला तारीख आधी सांगावी, एकदा निवांत भेटावे, चुकले असेल तर बोलून मोकळे व्हावे.

हा सहावा मुद्दा मी अनुभवाने लिहितो आहे. शिक्षणासाठी मी दोन वर्षे इंग्लंडला गेलो, तेव्हा एका जिवलग मित्राशी किरकोळ पैशांवरून अबोला होता. 'परत आल्यावर बघू' म्हणून मी तसाच निघालो. तिकडून पत्र लिहायला बसलो की पहिल्या ओळीपाशीच पेन अडे. परतलो तेव्हा तो बाजारात भेटला, "कसे आहात?" म्हणाला. आयुष्यभर अरेतुरे करणाऱ्याने मला 'तुम्ही' म्हटले, ते अजून कानांत आहे.

मागे राहणारे

आपण जाणाऱ्याचीच काळजी करतो. मागे राहणाऱ्याचा कट्टा रिकामा होतो, त्याला कोणी विचारत नाही. आईवडील असोत वा मित्र, फोनची वेळ ठरवून घ्यावी. रोज तासभर बोलण्यापेक्षा ठरल्या दिवशी वीस मिनिटे बोललेले अधिक टिकते. जाणारा असो वा राहणारा, उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप-भूक गेली, कामात लक्ष लागेना, तर डॉक्टरांना भेटावे. जगणे नको असे वाटू लागल्यास एक दिवसही थांबू नये. शासनाची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

त्या तरुणाला मी पोटासाठी साधे औषध दिले आणि म्हटले, "आज दुकान बंद व्हायच्या वेळेला जा. फोन करू नकोस."

निघण्याच्या दोन दिवस आधी तो पेढे घेऊन आला. मुरडा अधूनमधून येत होता, पण झोप लागू लागली होती. "काय म्हणाला रे मित्र?" मी विचारले.

"बराच वेळ काहीच बोलला नाही. शटर ओढलं, कुलूप लावलं. मग म्हणाला, बॅग किती किलोची चालते? आईला सांगून तुझ्यासाठी मेतकूट करून ठेवतो."