मासा का मेला?

महाविद्यालयाच्या वाचनालयातील काचेच्या टाकीत दोन वर्षे सुखाने नांदणाऱ्या चार सोनमाशांपैकी सर्वांत मोठा मासा स्नेहसंमेलनानंतर पाचव्या दिवशी सकाळी पाण्यावर तरंगताना आढळला. दुपारपर्यंत निकालही लागला : शिपाईमामांनी खाणे जास्त घातले! प्रस्तुत लेखात या निकालाची तपासणी करावयाची आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण एका माणसावर ठपका आला होता. तर्कशास्त्राच्या तासाला शिकलेले अशा वेळी नाही वापरायचे, तर केव्हा?

जॉन स्टुअर्ट मिलच्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात (१८४३) कारण शोधण्याच्या ज्या पद्धती दिल्या आहेत, त्यांतील व्यतिरेक पद्धती येथे उपयोगी पडते. घटना घडली तेव्हाची आणि घडली नव्हती तेव्हाची परिस्थिती यांत एकच फरक असेल, तर कारण त्या फरकात शोधावे. मामा तेच, डबा तोच, चिमूटही तीच. दोन वर्षांत त्यांत काही बदलले नव्हते.

बदलले होते ते निराळेच. एरवी मामा चौथा हिस्सा पाणी बदलून काच पुसत. संमेलनासाठी मात्र उत्साही मंडळींनी टाकी लख्ख केली. तळाची वाळू आणि गाळणीतला स्पंज नळाखाली धुऊन उन्हात वाळवला, सगळे पाणी नवे भरले. माझा पहिला संशय नळाच्या पाण्यातील क्लोरीनवर गेला. परंतु ते पाणी दोन दिवस उघड्या पिंपात ठेवलेले होते. शिवाय क्लोरीनने मासे पहिल्याच दिवशी तडफडले असते. रोग म्हणावा, तर अंगावर ठिपके नव्हते की पर झडलेले नव्हते. उरलेले तिघे मात्र हवेचा पंप चालू असूनही पृष्ठभागाशी येऊन तोंड वासत होते.

विज्ञान शाखेच्या एका मित्राकडून पाणी तपासून घेतले. दिसायला आरशासारखे स्वच्छ. पण लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया, आणि सामू ८. मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो, उरलेले अन्न कुजूनही तो तयार होतो. जुन्या टाकीत तो साठत नाही, कारण वाळूवर आणि स्पंजात जिवाणूंची वस्ती असते. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे पुष्कळच कमी घातक असे नायट्रेट. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास या जिवाणूंचा छडा लावला. ही दोन्ही कामे एकट्याने उरकणारा नायट्रोस्पायरा जिवाणू तर २०१५ मध्ये उजेडात आला, आणि त्यातला एक सापडला मत्स्यसंवर्धनाच्या गाळणीतच! आमच्या टाकीतील ही वस्ती नळाखाली आणि उन्हात नाहीशी झाली होती.

सामूचाही हात होता. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी शेकडा अर्ध्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तोच शेकडा पाचांवर जातो. पाच दिवसांचा अवधीही आता उलगडतो. विष एकदम पडले नव्हते, रोज थोडेथोडे साठत होते. मामांची चिमूट पूर्वीइतकीच होती. तिचा निकाल लावणारे तेवढे उरले नव्हते. अगोदर खाणे घातले, नंतर मासा मेला, म्हणून खाण्यानेच मेला, हा शुद्ध काकतालीय न्याय झाला.

ही आकडेमोड ग्रंथपालांपुढे ठेवल्यावर मामांवरचा ठपका दूर झाला. दोन दिवस खाणे बंद ठेवले. मुरवलेले पाणी वापरून रोज तिसरा हिस्सा बदलत राहिलो. मासेविक्रेत्याच्या जुन्या टाकीतील स्पंजाचा तुकडा मागून आणून गाळणीत बसवला. मध्यंतरी नायट्राइट वाढले. त्याने माशाचे रक्त तपकिरी पडते आणि प्राणवायू वाहण्याचे त्याचे सामर्थ्य घटते, म्हणून पाण्यात थोडे मीठ टाकले. मिठातील क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरण्यास अटकाव होतो. पाचव्या आठवड्यात दोन्ही शून्यावर आले. तिन्ही मासे जगले आहेत. स्पंज आता मामा नळाखाली कोणाला नेऊ देत नाहीत. टाकीतलेच पाणी बादलीत काढून त्यात तो हलक्या हाताने पिळतात.