सायकॉलॉजी घेताय? क्लिनिकच्या बाहेरही बघा

बारावीचा निकाल लागला की माझा फोन आठवडाभर थांबत नाही. अलीकडे त्यात एक प्रश्न हमखास असतो : "सर, मुलीला सायकॉलॉजी घ्यायचंय. स्वतःचं क्लिनिक किती वर्षांत निघेल?" मेडिकलची सीट हुकली, आता निदान डॉक्टरसारखं काहीतरी व्हावं, हा त्यामागचा हिशेब मला कळतो. तो चुकीचा आहे. नुसती बी.ए. करून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. रीहॅबिलिटेशन कौन्सिलची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते, जागा मोजक्या असतात. मानसशास्त्राच्या दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या तर यूजीसीने २०२५ मध्ये बंदच करायला सांगितल्या. तेव्हा तीन महिन्यांचा कोर्स करून दारावर पाटी लावायचा विचार सोडून द्या.

पण यातल्या काही मुलांना खरोखरच माणसाचं मन समजून घ्यायचं असतं. त्यांना मी एक काम सुचवतो. आपला मुलूख सोडून आलेल्या माणसांच्या मनाचा अभ्यास करायचा, आणि तो त्यांच्या वस्तीत, त्यांनाच सोबत घेऊन.

एक उदाहरण देतो. भूतानमधल्या नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा लोकांना १९९० च्या सुमारास देश सोडावा लागला. पूर्व नेपाळच्या छावण्यांत त्यांची जवळजवळ दोन दशकं गेली. पुढे एक लाखाहून अधिक जणांना इतर देशांत, बहुतेकांना अमेरिकेत, आसरा मिळाला. आता सुटले, असं वाटण्याचा तो काळ. पण फेब्रुवारी २००९ ते फेब्रुवारी २०१२ या तीन वर्षांत अमेरिकेत त्यांच्यातल्या १६ जणांनी आत्महत्या केल्याची नोंद झाली. सरकारी आरोग्ययंत्रणेने चौकशी केली, तेव्हा न येणारी भाषा, न मिळणारं काम, विखुरलेलं घर अशा अडचणी पुढे आल्या.

अशा माणसाला प्रश्न तरी कसा विचारायचा? ब्रँडन कोर्ट आणि इयन हार्पर या संशोधकांनी नेपाळमधल्या अभ्यासातून २००८ मध्ये एक फार मोलाची गोष्ट मांडली. नेपाळी माणूस 'मन' आणि 'दिमाग' वेगळे मानतो. मनात दुःख साठलंय, हे तो सांगू शकतो. दिमाग बिघडला म्हटलं की तो वेडा ठरतो आणि घराची इज्जत जाते. म्हणजे प्रश्नावलीतला एक शब्द चुकला, तरी समोरचा गप्प बसणार.

मराठी मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही. 'मनाला लागलंय' म्हटलं की शेजारीण चहा घेऊन येते; 'डोक्यावर परिणाम झालाय' म्हटलं की ठरलेली सोयरीक मोडते.

शब्दांची ही अडचण असते म्हणूनच संशोधक टेरेसा बेटनकोर्ट यांच्या गटाने अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये भूतानी आणि सोमाली बांटू निर्वासित कुटुंबांसोबत काम करताना त्या समाजातल्याच माणसांना संशोधनात घेतलं. पुढे घरोघरी जाऊन आईवडील-मुलांशी बोलण्याचं कामही त्यांच्यातल्याच प्रशिक्षित माणसांनी केलं. आपल्याकडे गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या 'संगाथ'ने साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं आणि त्याचा उपयोग होतो हे शास्त्रशुद्ध चाचण्यांतून दाखवलं.

वाटा थोडक्यात सांगतो : मानसशास्त्र किंवा समाजकार्याची पदवी, मग टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या (टिस) संस्थेतून समाजकार्य किंवा सार्वजनिक आरोग्य, नाहीतर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत मनोविकार समाजकार्य (सायकियाट्रिक सोशल वर्क). संख्याशास्त्राला घाबरू नका, ते लागतंच. पैशाचंही सांगतो : सुरुवातीच्या नोकऱ्या प्रकल्पापुरत्या असतात, अनुदान संपलं की पुन्हा शोधाशोध. हे झेपणार नसेल तर या वाटेला जाऊ नका.

आता पालकांशी बोलतो. मागच्या मोसमात बीडकडचा एक मुलगा वडिलांबरोबर आला होता. घरचे ऊसतोडीला जाणारे. त्याची अर्धी शाळा कारखान्याजवळच्या कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांत, गेली. वडिलांची एकच विनवणी होती : "साहेब, मुलाखतीत हे सांगू नको म्हणावं त्याला." मी त्यांना सांगितलं, त्याच्याजवळ विकत न मिळणारं जे काही आहे, ते हेच आहे. दसऱ्यानंतर उचल घेऊन गाव सोडणाऱ्या बाईला रात्री झोप का लागत नाही, हे शहरातल्या इंग्रजी शाळेतून आलेल्या संशोधकाला विचारायलाच दोन वर्षं लागतील. तुम्ही मुलाला त्याचं बालपण लपवायला लावताय आणि वर म्हणताय, आत्मविश्वास नाही. तो कुठून येणार? 'लोकांना काय सांगू' या तुमच्या धास्तीपायी मुलं नको त्या शाखेत ढकलली जातात, आणि मग वर्षभराने तुम्हीच माझ्याकडे येता, पोरगा खोलीबाहेर पडत नाही म्हणून.

वडील बराच वेळ बोलले नाहीत. मुलगा आता समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेला आणि एक वही घेऊन आला. कोप्यांवरच्या बाया आपलं दुखणं कोणत्या शब्दांत सांगतात, ते त्याने लिहून आणलं होतं : जीव लागत नाही, काळीज उडतं, आतून रिकामं वाटतं. पहिल्या पानावरचे शब्द त्याच्या आईचे होते.