बिलावर लिहून द्या

आमगावात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. उन्हाळी धानाला पाणी चालू असतं त्या दिवसांत दुकानासमोर जळालेल्या मोटरींची रांग लागते. एरवी पंखे, मिक्सर, कूलरचे पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटरी येत राहतात. गिऱ्हाईक वस्तू बाहेरून बघून घेतं आणि मी ती आतून बघतो, त्यामुळे 'आता पहिल्यासारखा माल येत नाही जी' ही तक्रार माझ्या टेबलावर रोज उघडी पडते.

ती खरी आहे, पण अर्धी. माल सगळीकडून उतरलेला नाही. रंग, खोका, स्टिकर, आवाज हे सगळं पूर्वीपेक्षा झकास झालं आहे. माल उतरला तो झाकणाखाली, जिथं घेणाऱ्याची नजर जात नाही तिथं. हे एकदा ध्यानात आलं की खरेदीची पद्धतच बदलावी लागते.

सालेकसा तालुक्यातला माझा मावसभाऊ, आमचा दादा, एका मार्चमध्ये तीन एचपीचा मोनोब्लॉक पंप गाडीत टाकून आला. विहिरीवरचा पंप, आदल्या हंगामात घेतलेला.

"बाबू, नवीनच आहे ना ही. आणि आता धान निसवून राहिला."

धान निसवताना बांधीत पाणी नसलं तर लोंबीत दाणा भरत नाही, फोल होतो. दादाच्या आवाजातली घाई त्यासाठी होती. मी मोटर खोलली. तार वरून तांब्यासारखी लालसर दिसत होती. एक टोक कापून पाहिलं तर आत पांढरं. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा होता. दुकानदाराने "पूर्ण तांब्याची आहे" असं तोंडी सांगितलं होतं. दादाजवळची चिठ्ठी कच्ची होती, आणि तिच्यावर एवढंच होतं: 'मोटर, १ नग'.

ॲल्युमिनियम म्हणजे खोटा माल असं मी म्हणणार नाही. त्याची वीज वाहून नेण्याची ताकद तांब्याच्या साधारण ६१ टक्के असते. म्हणून तार तेवढ्या प्रमाणात जाड घेतली, खाचा मोठ्या ठेवल्या, जोड नीट केले तर मोटर चालते. पण स्वस्त मोटरीत तांब्याच्याच जाडीची तार भरतात. मग तीच वीज नेताना ती जास्त तापते. त्यात आपल्याकडे एका रोहित्रावरच्या सगळ्या मोटरी एकाच वेळी सुरू झाल्या की शेवटच्या विहिरीपर्यंत व्होल्टेज पडतं. व्होल्टेज २० टक्क्यांनी घटलं तर मोटरीचा जोर २० टक्क्यांनी नाही, जवळजवळ ३६ टक्क्यांनी घटतो, आणि तोच भार ओढायला मोटर जास्त करंट घेते. आमच्या धंद्यात एक ठोकताळा आहे: वाइंडिंगचं तापमान १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. तांब्याची मोटर असं व्होल्टेज काही वर्षं सोसते. दादाच्या मोटरीने दुसऱ्याच हंगामात दम सोडला.

दुकानदार म्हणाला, "व्होल्टेजने जळलेल्या वाइंडिंगला वॉरंटी नसते." कार्डाच्या मागे बारीक अक्षरात तसं छापलेलंही होतं. तांब्याची म्हणून विकली याचा कागद नव्हता, त्यामुळे वाद तिथंच संपला. मी तांब्याने मोटर भरून दिली, तोवर धुऱ्याकडच्या बांध्या सुकल्या होत्या. त्याच सुमारास आमगावजवळच्या एका गिऱ्हाइकाची नवी मोटर जळली. त्यांच्याकडे पक्कं बिल होतं, त्यावर मालिका क्रमांक आणि 'कॉपर वाउंड' असं लिहिलेलं होतं. लेखी तक्रार गेल्यावर त्यांना कंपनीने मोटर बदलून दिली, पण ती आली तेव्हा धान कापून झालं होतं. कागदामुळे वस्तूची किंमत परत मिळते, हंगाम परत मिळत नाही. म्हणून आधी तपासणी आणि मग कागद, दोन्ही हवेत.

हे का होतं

तांबं महागलं की कारखानदारापुढे दोन वाटा असतात: भाव वाढवायचा किंवा तार बदलायची. ठोक व्यापारी म्हणतो, "मागच्या वर्षीचाच भाव हवा, नाहीतर शेजारचा देतोय." तसं तो म्हणतो, कारण काउंटरवर आपणही भावच विचारतो, तार विचारत नाही. बिस्किटाचा पुडा पाच रुपयांचाच राहतो आणि आतली बिस्किटं कमी होतात, त्यामागेही हेच गणित आहे. पुड्यावर आता ग्रॅममागे किंवा किलोमागे पडणारी किंमत छापावी लागते. एमआरपीपेक्षा ती वाचा.

मुद्दाम आयुष्य कमी करण्याचा प्रकारही जुनाच. १९२४ मध्ये जिनिव्हात बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्या एकत्र आल्या, फीबस नावाचा गट केला आणि बल्ब सुमारे १००० तासच टिकावा असं ठरवलं. ज्याचा बल्ब जास्त टिके त्याला दंड.

मात्र 'जुनं ते सोनं' हेही मी डोळे मिटून मानत नाही. आजोबांच्या वेळचा पंखा अजून फिरतो, हे खरं. पण त्याच्या बरोबरीचे किती पंखे भंगारात गेले ते कुणी मोजत नाही, टिकले तेवढेच आपल्याला दिसतात. शिवाय तो पंखा ७५ वॅट खातो आणि आजचा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. नव्या पंख्याची अडचण वेगळी आहे. त्याचं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं की माझ्यासारखा वाइंडिंगवाला हात टेकतो. म्हणून बीएलडीसी घ्या, पण घेण्यापूर्वी विचारा: कार्ड सुटं मिळतं का, कितीला, आणि गोंदियात मिळतं की नागपूरहून मागवावं लागतं?

घेताना काय बघाल

घराच्या वायरिंगची तार घेताना बंडल तोलून बघा. दीड स्क्वेअर एमएमच्या ९० मीटर बंडलमध्ये नुसतं तांबं सव्वा किलोच्या आसपास भरायला हवं, अडीचच्या बंडलमध्ये दोन किलो. वरच्या प्लास्टिकचं वजन वेगळं. मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेत हे वजन निम्म्याहून खाली येतं. मग एक टोक कापून चाकूने खरवडा. वरून पांढरी पण आत लाल असेल तर ते कल्हई केलेलं तांबं, चांगलं. वरून लाल पण आत पांढरं असेल तर बंडल परत ठेवा. मोटरीची तार दुकानात कापता येत नाही, पण त्याच एचपीच्या दोन मोटरी वजनकाट्यावर ठेवता येतात. फार हलकी निघाली तर का हलकी, ते विचारा.

आयएसआयची खूण नुसती बघू नका. खुणेखाली 'सीएम/एल' आणि पुढे परवान्याचा क्रमांक असतो. फोनमधल्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की परवाना कुणाचा, कुठल्या वस्तूचा आणि चालू आहे का, हे कळतं. खोक्यावर एक नाव आणि ॲपमध्ये दुसरंच नाव निघतं, असंही होतं. एलईडी दिव्यावर 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तोही याच ॲपमध्ये तपासता येतो. दिवा जातो तेव्हा बहुतेक वेळा त्यातली एलईडी नाही, तिला वीज पुरवणारा स्वस्त ड्रायव्हर गेलेला असतो. म्हणून बंद काचेच्या ग्लोबमध्ये, जिथं उष्णता कोंडते, तिथं स्वस्त दिवा लावू नका.

ऑनलाइन घेतलं म्हणजे माल तपासलेला असतो, या भ्रमात राहू नका. प्रमाणित नसलेले प्रेशर कुकर आपल्या संकेतस्थळावर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टला प्रत्येकी १ लाख रुपये दंड केला होता. इतक्या मोठ्या दुकानात हे घडतं, तर खूण बघण्याचं काम आपलंच.

झाकण नसलेल्या वस्तू

सॉफ्टवेअरला तर खोलायला झाकणच नाही. फोनवरून मोटर सुरू-बंद करणारे मोबाइल स्टार्टर आपल्या भागात पुष्कळ बसले. रात्रीच्या विजेवर विहिरीपर्यंत जायला नको, साप-किरवाची भीती नको, सोय खरीच मोठी. पण माझ्याकडे एक स्टार्टर आला त्याचं सगळं सामान धडधाकट होतं, फक्त कंपनीने ॲपच बंद केलं होतं. त्याला हाताने चालवायचं बटणही नव्हतं. मी तो काढून साधा स्टार्टर बसवला. तेव्हापासून सांगतो: ॲप असो, पण हाताचं बटण हवंच, आणि मोटर जळण्यापासून वाचवणारे ओव्हरलोड रिले व सिंगल फेज प्रिव्हेंटर ॲपवर अवलंबून नसावेत.

माझ्या दुकानाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर एकदाच पैसे भरून घेतलेलं होतं. एका अपडेटनंतर ते वर्षाचं भाडं मागू लागलं, आणि भाडं भरेपर्यंत जुनी उधारी उघडेना. आता मी दर महिन्याला सगळा हिशेब एक्सेल फाइलमध्ये काढून पेन ड्राइव्हवर ठेवतो. कुठलंही सॉफ्टवेअर घेताना पहिला प्रश्न हा विचारा: माझी माहिती मला बाहेर काढता येते का? अपडेटही आलं तसं लगेच घेऊ नका, चार दिवस थांबा, दुसऱ्यांचं काय झालं ते ऐका. अपडेटमुळे जुने फोन मंदावतात ही लोकांची कुरकुर पोकळ नव्हती. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१८ मध्ये याच कारणावरून ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला.

फसलातच तर

वस्तू जळाली म्हणून लगेच खोलून घेऊ नका. सील तुटलं की वॉरंटी गेली, हे पहिलं कारण पुढे येतं. आधी फोटो काढा, मालिका क्रमांक टिपा आणि दुकानदाराला लेखी कळवा. व्हॉट्सॲपवर कळवलं तरी चालतं, तारीख राहते. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणं इथंच मिटतात.

नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनी मुंबईची असो की कोइमतूरची. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षं. शेतकरी ग्राहक नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सदोष बियाण्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच शेतकऱ्याला ग्राहक मानलं आहे.

पण या सगळ्याच्या मुळाशी कागद लागतो. म्हणून काउंटरवर भाव ठरला की पुढचं वाक्य हे म्हणा: "भाऊ, तांब्याची आहे म्हणता, तर बिलावर लिहून द्या." ज्याचा माल खरा आहे तो एक ओळ लिहायला कचरत नाही. जो म्हणतो, "पक्कं बिल घेतलं तर महाग पडेल," त्याच्या स्वस्त भावात काय काय वगळलंय ते तुमच्या लक्षात यायला हवं.

आणि हा नियम माझ्या दुकानालाही लावा. वाइंडिंगवाल्यांमध्येही बारीक गेजची तार भरून पूर्ण पैसे घेणारे आहेत. मोटर भरून घ्याल तेव्हा तारेचा गेज, तिचं वजन आणि ती तांब्याची आहे हे चिठ्ठीवर लिहून मागा. जुनी तार तुमच्यासमोर तोलून तिचे पैसे वजा केले की नाही तेही बघा. मागितल्याशिवाय मी लिहीत नसेन, तर दुसऱ्या दुकानात जा.