मोटारीच्या टायरांची विषम झीज

टायर कोठें झिजला हें नीट पाहिलें म्हणजे दोष कोठें आहे तें कळतें. नक्षी मधोमध झिजली असल्यास हवा अधिक भरली जाते. दोन्ही कडा झिजल्यास कमी. गाडीवाटेच्या खड्ड्यांत आदळून चाकांची जुळणी बिघडली कीं बहुधा एकच कड झिजते. ती जुळणी सुधारल्यावांचून नवा टायर घालणें म्हणजे तण न काढतां खत घालणें होय.

नक्षीच्या खांचांत लहान आडवे उंचवटे असतात. झीज त्यांच्या पातळीस आली म्हणजे खोली १.६ मि.मी. उरली. अशा टायरांतून पाणी पुरेसें निघत नाहीं, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबतांच गाडी घसरते. एकाच कडेस जरी ही पातळी आली, तरी टायर बदलावा. बाजूस फुगवटा आलेला टायर नक्षी शाबूत असली तरी काढावा. त्याच्या आंतले दोर तुटलेले असतात.