अंकीय दर्शकफलकाची दुरुस्ती आणि किलोमीटरचा आकडा

शासकीय जीप असो वा आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, तिच्या लॉगबुकातील प्रत्येक नोंद चालकासमोरच्या फलकावरील एका आकड्यावर उभी असते. निघताना किती किलोमीटर, परतल्यावर किती, आणि त्यावरून इंधनाचा हिशेब. जुन्या मीटरमध्ये हा आकडा दातेरी चाकांवर फिरणाऱ्या चकत्यांवर असे. मीटर थांबले तरी तो दिसत राही. अंकीय फलकात तो स्मृतीच्या एका लहानशा चिपमध्ये साठविलेला असतो. पडदा विझला की तो दिसेनासा होतो, परंतु नष्ट होत नाही. दुरुस्ती करणाऱ्याने आणि करवून घेणाऱ्यानेही हा भेद प्रथम ध्यानी घ्यावयास हवा.

फलक अंधारला म्हणजे तोच बिघडला, हे गृहीत धरणे पुष्कळदा महागात पडते. आधी फ्यूज पाहावा, मग बॅटरी. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असता हा आकडा साधारणतः १३.५ ते १४.५ असतो. फलकामागील प्लगपाशी वीज पोहोचते काय आणि अर्थची तार गंजली नाही ना, हे मल्टीमीटरने तपासावे. केवळ वेगाचाच आकडा चुकत असेल, तर दोष बहुधा वेगाच्या संवेदकात असतो. बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेली ‘कॅन’ ही दोन तारांची संदेशप्रणाली ज्या वाहनांत आहे, तेथे बॅटरी सोडवून त्या दोन तारांमधील रोध मोजावा. तो सर्वसाधारणपणे ६० ओहम भरतो. १२० भरल्यास एका टोकाचा संपर्क तुटला आहे, असे समजावे.

एवढे करूनही फलक मिटलेलाच राहिला, तर तो उघडावा. सकाळी अंधारा, गाडी तापल्यावर उजळणारा, थापटले की क्षणभर जागा होणारा फलक बहुधा डाखाच्या तड्याने आजारी असतो. तांबे, कथील आणि सर्किटची पाटी उष्णतेने सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने प्लगच्या पिनांभोवती केसाएवढी वर्तुळाकार भेग पडते. ती भिंगातूनच दिसते. तेथे फ्लक्स लावून जुना डाख वितळवावा व थोडा नवा द्यावा. काम काही मिनिटांचे, पण हात स्थिर हवा. फुगलेले किंवा पाझरणारे कपॅसिटर बदलताना धन-ऋण टोकांची अदलाबदल होऊ देऊ नये. फलक काढण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवून काही मिनिटे थांबावे. एअरबॅग असलेल्या गाडीत तर यात सवलत नाही.

बाजारात याऐवजी दुसऱ्या गाडीचा जुना फलक बसवून देण्याचा सोपा मार्ग सुचविला जातो. त्यासोबत दुसऱ्या गाडीचे किलोमीटरही येऊ शकतात, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. अमेरिकेत १९७२ च्या संघीय कायद्याने या प्रश्नाची दखल घेतली. तेथे दुरुस्तीनंतर पूर्वीचा आकडा कायम ठेवणे शक्य नसल्यास मीटर शून्यावर आणावे लागते आणि आधीचा आकडा व दुरुस्तीचा दिनांक लिहिलेली सूचना डाव्या दाराच्या चौकटीवर लावावी लागते.

आपल्याकडील कार्यालयांनाही ही रीत सहज पाळता येईल. गाडी कारखान्यात देताना लॉगबुकात शेवटचा आकडा व दिनांक लिहावा, फलक बदलल्यास नव्या फलकाचा प्रारंभीचा आकडा त्याच पानावर नोंदवावा आणि त्याखाली चालकाबरोबर अधिकाऱ्याचीही सही घ्यावी.