पान : अन्न आणि पाणी यांचा हिशेब

उन्हाळ्यात वाटसरू झाडाखाली विसावा घेतो, तेव्हा त्याला लाभणारा गारवा केवळ सावलीचा नसतो. माथ्यावरची असंख्य पाने हवेत सतत बाष्प सोडीत असतात आणि त्या बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता पानांतून व भोवतालच्या हवेतून घेतली जाते. मुळांनी जमिनीतून शोषलेल्या पाण्याचा अगदी थोडा अंश वनस्पतीच्या अंगी राहतो. बाकीचे बहुतेक सर्व पाणी पानांवाटे निघून जाते. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी कुंडीतील सूर्यफुलाच्या झाडाचे वजन वेळोवेळी करून हे पाणी मोजले व १७२७ मध्ये ते प्रसिद्ध केले. एवढा व्यय वनस्पती का सोसते, याचे उत्तर पानाच्या रचनेत सापडते.

पानाच्या दोन्ही पृष्ठांवर पारदर्शक पेशींचा एकेक थर असतो. त्यावर मेणासारख्या पदार्थाचे लेपन असल्यामुळे त्यातून पाणी सहसा बाहेर पडत नाही. आतमध्ये, वरच्या बाजूस, खांबांप्रमाणे उभ्या पेशी दाटीने रचलेल्या असतात. त्यांतील हरितद्रव्य सूर्यप्रकाश शोषून घेते आणि पाणी व कार्बन डायऑक्साइड यांपासून शर्करा तयार होते. त्यांच्या खालच्या पेशी विरळ असून त्यांमधील पोकळ्यांतून हवा खेळते. शिरांमधील एक प्रकारच्या नलिका पाणी आणून पोहोचवितात, तर दुसऱ्या प्रकारच्या नलिका तयार अन्न इतर अवयवांकडे नेतात.

हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण शेकडा ०.०४ च्या आसपास, म्हणजे अत्यल्प आहे. तो आत घेण्यासाठी पानाला आपली दारे उघडावीच लागतात. ही दारे म्हणजे पर्णरंध्रे होत. प्रत्येक रंध्राच्या दोन्ही बाजूंस एकेक रक्षक पेशी असते. पाणी शिरून या पेशी फुगल्या की त्या बाकदार होतात व रंध्र उघडते. पाणी ओसरले की ते मिटते. परंतु ज्या दारातून वायू आत येतो, त्याच दारातून बाष्प बाहेर जाते. अन्न हवे असेल तर पाणी गमवावे लागते आणि पाणी राखायचे तर अन्ननिर्मिती थांबते. पानांच्या रूपांतील पुष्कळशी विविधता या पेचातूनच उद्भवली आहे.

कमळाला पाण्याची वाण नाही. त्याच्या पानाची रंध्रे वरच्या पृष्ठावर असतात व तेथील सूक्ष्म, मेणचट उंचवट्यांवरून पाण्याचे थेंब ओघळून जातात. कण्हेरीची रंध्रे पानाच्या खालच्या बाजूस, लव असलेल्या खळग्यांत दडलेली असतात. तेथे कोरडा वारा थेट पोहोचत नाही. साग कोरड्या ऋतूत पाने गाळूनच टाकतो. राजस्थानच्या वाळवंटातील केर या झुडपाची इवलीशी पाने लवकर गळतात आणि अन्ननिर्मितीचे काम हिरव्या फांद्या करतात.

पानफुटीने वेगळाच मार्ग पत्करला आहे. तिची पाने सकाळी आंबट लागतात व दिवस चढेल तसा तो आंबटपणा कमी होतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांचे हे निरीक्षण १८१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा उलगडा पुढे झाला. ही वनस्पती रात्रीच्या गारव्यात रंध्रे उघडते, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठविते आणि दिवसा, रंध्रे मिटलेली असताना, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्यापासून शर्करा बनविते. घायपातीचा व अननसाचा क्रमही असाच असतो. यात पाणी वाचते; मात्र साठा मर्यादित असल्यामुळे अशा वनस्पतींची वाढ बहुधा सावकाश होते.

शेतातील बहुतेक पिकांना हा मार्ग मोकळा नाही. पावसाने ओढ दिली म्हणजे मुळांना कोरडेपणा जाणवतो, पानांची रंध्रे मिटू लागतात आणि शर्करेची निर्मिती मंदावते. पाने अजून हिरवी दिसत असतात, पण पिकाची उपासमार सुरू झालेली असते. म्हणून कणसात दाणे भरण्याच्या सुमारास मिळालेली पाण्याची एक पाळी पीक वाचवू शकते. पाने करपल्यानंतर दिलेल्या पाण्याने ते नुकसान भरून निघत नाही.